पायी यात्रेला फोन न्यायचा का, आणि न्यायचा तर कसा

फोन न्यावा की नको हा प्रश्न निघायच्या आदल्या रात्री पडला, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘असू दे बरोबर.’ मग घरी जसा वापरतो तसाच तो वाटेवर वापरला जातो, दुपारी तीनपर्यंत बॅटरी लाल होते आणि मुक्कामाला पोचल्यावर पाय धुवायच्या आधी माणूस प्लग शोधायला लागतो. महिनाभर आधी विचार केला तर प्रश्न जरा वेगळा विचारता येतो. या फोनकडून वाटेवर नेमकी कोणकोणती कामं करून घ्यायची आहेत?

पहिल्यांदाच लांबच्या वाटेला निघणाऱ्या बहुतेकांनी फोन न्यावा, असं आमचं मत आहे. अट एकच: तो भर दुपारी बंद पडला, तरी त्या दिवसाचा मुक्काम गाठता आला पाहिजे. पुढची सगळी तयारी या अटीसाठी आहे.

आधी वाट बघा

सगळ्या वाटांवर फोन सारखा उपयोगी पडत नाही. युरोपातल्या कामिनो या ख्रिस्ती पदयात्रेच्या फ्रेंच वाटेवर, म्हणजे फ्रान्समधल्या सँ-झाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सान्तियागोपर्यंतच्या सुमारे ७८० किलोमीटरवर, पिवळे बाण आणि शिंपल्याच्या खुणा इतक्या जागोजागी आहेत की नकाशा क्वचितच उघडावा लागतो. तिथे फोन लागतो तो पुढच्या गावात झोपायला जागा आहे का, हे विचारायला. जपानमधल्या शिकोकू बेटावरची ८८ मंदिरांची वाट सुमारे १,२०० किलोमीटरची. तिथल्या छोट्या निवासांना आपण येतोय हे आधी कळवावं लागतं, आणि तेही बऱ्याचदा फोनवर बोलून. परदेशी प्रवाशांना मिळणारी अनेक सिमं नुसता डेटा देतात, त्यांवरून साधा कॉल लागत नाही. हे विमानतळावर उतरल्यावर कळलं तर पंचाईत होते.

नर्मदा परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची असल्यामुळे दिशेसाठी फोन लागत नाही. मात्र धरणांच्या फुगवट्यामुळे काही जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या आहेत आणि जंगलपट्ट्यात रेंज जाते. तिथे नकाशापेक्षा मागच्या गावात विचारून घेतलेली वाट जास्त खात्रीची. पंढरीच्या वारीत वाट चुकायची सोयच नाही. चुकतो तो बरोबरचा माणूस. आणि नेमकी गरज असते तेव्हाच गर्दीचा सगळा भार टॉवरवर पडून कॉल लागत नाही.

तुमची वाट यांपैकी कशासारखी आहे ते ओळखा आणि एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे फोनचीच कामं लिहा: संकटात कॉल, मुक्कामाची चौकशी, अनोळखी भाषेत बोलणं, पैसे देणं, परतीचं तिकीट. उजवीकडे जी कामं फोनशिवाय होतात ती: गजर, घड्याळ, टॉर्च, रोजची नोंद, टप्प्यांची यादी, नातेवाइकांचे नंबर. उजव्या रकान्यातली कामं खरोखरच फोनकडून काढून घ्या. साधं मनगटी घड्याळ आणि कपाळावर बांधायचा छोटा टॉर्च मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम होतात. पहाटे अंधारात निघणाऱ्याला फोनचा टॉर्च हातात धरून चालावं लागतं; काठीसाठी हात उरत नाही आणि ठेच लागली की आधी फोनच आपटतो.

डाव्या रकान्यात नुसतं ‘कॉल’ एवढंच उरलं, तर बटणांचा साधा फोन पुरेल. त्याची बॅटरी लहान असूनही बरेच दिवस टिकते. फक्त तो ४जीवर बोलता येणारा हवा. कपाटात पडलेला जुना २जी-३जी फोन उचलून नेऊ नका; अनेक देशांत ती नेटवर्कं बंद झाली आहेत किंवा होत आहेत, आणि तिथे तो वजनापुरताच उरतो. आणखी एक गोष्ट तपासा. बँकेचे व्यवहार आणि तिकीट एखाद्या ॲपमध्येच अडकलं असेल, तर साधा फोन निवडण्याआधी त्याची दुसरी सोय लावा.

बॅटरीचा हिशेब

इथे नवखे हमखास फसतात, म्हणून जरा सविस्तर.

पॉवर बँकेवर ठळक छापलेला १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा असतो, साधारण ३.७ व्होल्टवरचा. म्हणजे ३७ वॉट-तास. फोनला देताना तो दाब ५ व्होल्टपर्यंत चढवावा लागतो आणि त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून डबीच्या पाठीमागे बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो, ‘रेटेड कपॅसिटी’. तो बहुधा ६,००० च्या आसपास असतो. कामाचा आकडा तोच. ५,००० एमएएच बॅटरीच्या फोनमध्ये सुमारे १९ वॉट-तास मावतात. फोनमध्ये शिरतानाही थोडी गळती होते. सगळं धरून १०,००० ची पॉवर बँक असा फोन साधारण दीड वेळा भरते. दोनदा भरेल या हिशेबाने निघालेला माणूस तिसऱ्या दिवशी अडकतो.

मुक्कामाला रोज वीज मिळणार असेल तर १०,००० भरपूर झाली. वजन साधारण २०० ग्रॅम. दोन-तीन दिवस वीज नसलेला पट्टा असेल तरच २०,००० ची घ्या, ती ३५० ते ४५० ग्रॅम भरते. फोन, पॉवर बँक, चार्जर, वायरी आणि पाऊच हे सगळं एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. अर्धा किलो सहज होतं. ‘फोनला काय वजन’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर करावं.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इन सामानात ती चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बँकेला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० ची ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे मर्यादेत. मात्र किती न्यायच्या आणि विमानात वापरायच्या की नाही, हे आपल्या विमान कंपनीच्या नियमात बघा. आणि डबीवरचे आकडे पुसट झाले असतील तर तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.

सॅकवर अडकवायची सोलर पट्टी नवख्यांना फार भुलवते. चालताना तिचा कोन सतत बदलतो, झाडांची सावली पडते आणि चार्जिंग मिनिटामिनिटाला तुटतं. एका जागी तास न् तास उन्हात ठेवता येणार नसेल तर ती नेऊ नका.

फोन तीन-चार वर्षांचा असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत बघा. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली आली असेल तर बॅटरी बदला, आणि तीही निघायच्या किमान दोन आठवडे आधी. नव्या बॅटरीत खोट असेल तर ती घरीच कळलेली बरी.

चालताना बॅटरी कुठे जाते

खिशातला फोन काहीच करत नाही असं वाटतं, पण कमी रेंजच्या भागात तो सर्वात जास्त राबत असतो. टॉवर लांब गेला की तो प्रक्षेपणाची ताकद वाढवतो, रेंज गेली की पुन्हा पुन्हा शोधत राहतो. डोंगरातल्या दरीत पडदा बंद असूनही बॅटरी झरझर उतरते ती यामुळे. म्हणून चालण्याच्या वेळात फोन एअरप्लेन मोडवर टाकणं हा सगळ्यात मोठा उपाय आहे. जीपीएस त्यातही चालू राहतं, कारण फोन उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी ही सेटिंग करून तशीच वापरून बघा:

१. ५जी बंद, ४जी चालू.
२. फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर.
३. ॲपचे आपोआप होणारे अपडेट बंद. मुक्कामाच्या मंद वायफायवर मध्यरात्री अपडेट सुरू झाला तर पहाटे फोन अर्धवट अवस्थेत सापडतो.
४. पडदा ३० सेकंदांत बंद, उजेड हाताने कमी केलेला.
५. लोकेशनच्या सेटिंगमधलं वायफाय आणि ब्लूटूथ स्कॅनिंग बंद.
६. कॉल, संदेश आणि मुक्कामाचं ॲप सोडून बाकी सगळ्यांच्या सूचना बंद. हे बॅटरीपेक्षा डोक्यासाठी जास्त.

दिवसभराचा मार्ग नोंदवत ठेवणारी ॲप जीपीएस सतत चालू ठेवतात. आज २४ किलोमीटर झाले की २६, हे टप्प्यांच्या यादीवरूनही कळतं. नोंद हवीच असेल तर ती कोणत्या कामाच्या बदल्यात, हे ठरवून करा.

नकाशा: घरीच उतरवा, घरीच फसून बघा

गुगल मॅप्समध्ये एखादा भाग ऑफलाइन उतरवता येतो, पण ऑफलाइन असताना तो गाडीचा रस्ता दाखवतो. पायी चालायचं मार्गदर्शन मिळत नाही. पायवाटांवर निघालेल्या माणसाला ही गोष्ट नेमकी फाट्यावर उभं राहिल्यावर कळते. त्यापेक्षा ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओसमँडसारखं ॲप घ्या. त्यांत पायवाटा दिसतात आणि नेटशिवाय पायी मार्गही निघतो. तुमच्या यात्रेची जीपीएक्स फाइल (आखलेली वाट साठवलेली फाइल) मिळाली तर तीही त्यात उघडून ठेवा. वाटेची रेघ नकाशावर उमटते आणि आपण रेघेपासून किती बाजूला गेलोय ते दिसतं. फाइल कधी बनवलेली आहे तेही बघा. रस्त्याची कामं आणि पूर यांनी वाट हललेली असू शकते.

आता तपासणी. एअरप्लेन मोड चालू करा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, आणि घराजवळच्या नव्हे तर यात्रेच्याच मधल्या एखाद्या गावावर जाऊन नकाशा मोठा करा. गल्ल्या दिसल्या तर तो खरंच उतरलाय. नुसता करडा पट्टा किंवा दोन मोठे रस्ते दिसले तर नाही. आधी कधीतरी पाहिलेला भाग फोन लक्षात ठेवतो, त्यामुळे घराजवळ तपासलं की सगळं ठीक वाटतं.

नेट नसताना जीपीएसला पहिल्यांदा जागा सापडायला काही मिनिटं लागू शकतात. मोकळ्या आभाळाखाली उभे राहा आणि निळा ठिपका स्थिर होईपर्यंत चालू नका. अरुंद गल्लीत आणि खोल दरीत तो चुकीच्या वाटेवरही जाऊन बसतो.

मुक्कामातलं चार्जिंग

वीस माणसांच्या दालनात दोन प्लग, हे चित्र कुठल्याही यात्रेत दिसेल. तिथे उपयोगी पडते ती एक साधी युक्ती: प्लगला पॉवर बँक लावा, फोन स्वतःजवळ ठेवा. कोणी वायर काढली किंवा बँक गेली तरी नंबर, तिकीट, पैसे जागेवर राहतात. रात्री उशाशी बँकेवरून फोन भरून घ्या.

दोन तोंडांचा चार्जर न्या. आपली एक वायर लावून दुसरं तोंड शेजाऱ्याला दिलं की प्लगवरचे वाद मिटतात. परदेशात जात असाल तर तिथल्या सॉकेटचा ॲडाप्टर घ्या. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर वेगळा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. सार्वजनिक जागी भिंतीत बसवलेल्या यूएसबी भोकात वायर घालण्यापेक्षा आपला चार्जर वापरा.

वाटेवर फोनपेक्षा आधी वायर मरते, आणि ती पिनच्या मानेशी तुटते, कारण सॅकमध्ये ती तिथेच मुडपलेली असते. दोन वायरी न्या, एक मीटरभर आणि एक वीतभर.

आठ-दहा दिवसांनी वायर सैल बसते आणि जरा हललं की चार्जिंग तुटतं. बहुतेक जण बिघाड समजतात. खरं तर खिशातला लोकरीसारखा धूळ-धागा चार्जिंगच्या भोकात तळाशी दाबून बसलेला असतो. दर वेळी पिन घालताना तो आणखी घट्ट होतो. फोन बंद करा, उजेडात भोक धरा, लाकडी दातकोरणीने कडेकडेने अलगद उकरा. मऊ राखाडी चकती बाहेर येते आणि पिन पुन्हा ‘टक’ आवाज करून बसते. सुई किंवा टाचणी वापरू नका, आतले संपर्क खरवडले जातात.

पाणी, घाम, ऊन, थंडी

फोनवर आयपी६८ ही पाणी-धुळीपासून बचावाची खूण लिहिलीय म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी नव्या फोनची, प्रयोगशाळेतली, स्वच्छ गोड्या पाण्यात घेतलेली असते. घाम खारट, समुद्राचं पाणी त्याहून खारट, आणि एकदा आपटलेल्या फोनची सीलबंदी तशी राहत नाही. झिपची जाड प्लास्टिक पिशवी पुरते, दोन न्या. चड्डीच्या खिशात फोन ठेवून दिवसभर चाललात तर आतून घामच लागतो. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावरचा पाऊच बरा.

भर पावसात पडदा बोटाला दाद देत नाही, कारण पाण्याचा थेंबही त्याला बोटासारखाच वाटतो. पावसाळी दिवशी पुढच्या दोन फाट्यांची नावं सकाळीच कागदावर लिहून घ्या.

भिजला तर फोन बंद करा, पुसा, चार्जिंगचं भोक खाली येईल असा वाऱ्यावर उभा ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत वायर लावू नका. ओल्या भोकात वीज गेली की संपर्क गंजतात. तांदळात पुरायचा उपाय सोडून द्या. वाळणं तर वेगाने होत नाहीच, वर धूळ आणि कण्या आत जातात.

उन्हात सॅकच्या वरच्या काळ्या कप्प्यात फोन ठेवून पॉवर बँकेवर लावला तर तो तापून चार्जिंग थांबवतो. दुपारच्या विसाव्याला सावलीत भरा. थंडीत उलट: शून्याच्या जवळ ४० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडू शकतो. अंगातल्या कपड्याच्या खिशात ठेवा, रात्री पांघरुणात घ्या. गारठलेला फोन आणि गारठलेली पॉवर बँक आधी अंगाच्या उबेत आणा, मग जोडा. शून्याखाली लिथियम बॅटरी भरली तर ती कायमची खराब होऊ शकते.

हरवला तर

फोन हरवणं परवडतं. आत काय अडकलंय ते परवडत नाही. बँकेत शिरायला ओटीपी, ओटीपीला सिम, सिम हरवलेल्या फोनमध्ये. ही गाठ घरूनच सोडवून निघायची.

सिमला पिन लावा, म्हणजे चोराला ते दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेता येत नाही. मात्र आधी कंपनीने दिलेला मूळ पिन माहीत करून घ्या. तीनदा चुकला तर सिम पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतं आणि तोही दहादा चुकला तर सिम कायमचं बाद होतं. पीयूके कागदावर हवा. गुगल खात्याचे बॅकअप कोड काढून घ्या. आठ-आठ अंकांचे दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. *#०६# डायल केल्यावर दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, लिहा. ई-सिम वापरत असाल तर लक्षात ठेवा, फोन फुटला तर साधं सिम काढून दुसऱ्याच्या फोनमध्ये घालता येतं, ई-सिमचं तसं करता येत नाही.

कागद एकच, पण दोन प्रती. एक अंगावरच्या पाऊचमध्ये, एक सॅकच्या तळाशी, दोन्ही प्लास्टिकमध्ये. त्यावर घरचे दोन नंबर, बरोबरच्या माणसाचा नंबर, बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर, विमा, रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी आणि टप्प्यांची गावं. पासवर्ड आणि कार्डचा पिन त्यावर लिहू नका. थोडी रोकड फोनच्या पाऊचमध्ये नव्हे, वेगळीकडे ठेवा.

हरवल्यावरचा क्रम असा: दुसऱ्याच्या फोनवरून रिंग द्या, मिळाला नाही तर दूरवरून लॉक करा, मग सिम बंद, मग बँकेला कळवा, मग आयएमईआयसह तक्रार. ओटीपी लागणारी कामं सिम बंद करण्याआधी आटपायची असतात असं वाटतं, पण चोरीची शंका असेल तर सिम आधी बंद.

संकट आणि गर्दी

भारतात आणि युरोपीय संघात ११२, जपानमध्ये पोलीस ११० आणि रुग्णवाहिका ११९. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर आणीबाणीचा कॉल त्यावरून जाऊ शकतो, म्हणून पट्ट्या दिसत नाहीत म्हणून प्रयत्न सोडू नका. लॉक न उघडता दिसणारी आणीबाणीची माहिती भरून ठेवा. नकाशाच्या ॲपमध्ये स्वतःचे अक्षांश-रेखांश कुठे दिसतात हे घरी शोधून ठेवा. कॉल तुटत असला तर ते आकडे एसएमएसने पाठवा. एसएमएसला क्षणभराची रेंज पुरते.

गर्दीच्या यात्रेत कॉलवर भिस्त ठेवू नका. रोज सकाळी बरोबरच्यांशी दोन जागा आणि दोन वेळा ठरवा: चुकामूक झाली तर दुपारी अमुक ठिकाणी, नाही जमलं तर संध्याकाळी मुक्कामाच्या दारात. वयस्कर माणसाच्या आणि मुलाच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच, त्यांच्याकडे फोन असला तरी.

घरचे आणि शेजारचे

घरी ‘रोज फोन करीन’ असं कबूल करू नका. एक दिवस रेंज नसते आणि घरात रडारड सुरू होते. ‘रात्री आठच्या सुमारास एक संदेश, नाही आला तर दुसऱ्या रात्रीपर्यंत काळजी करायची नाही, त्यानंतर या नंबरवर विचारायचं’ असं नीट ठरवून द्या. सतत लोकेशन दाखवणारी सोय दिलीत, तर ठिपका दोन तास हलला नाही की तिकडून कॉल सुरू होतात. ठिपका मात्र फक्त रेंज गेली म्हणून थांबलेला असतो.

सामाईक दालनात गजर कंपनावर, फोन उशीखाली किंवा हातात. पहाटे चारला पाच जणांचे पाच गजर वाजले की उरलेले पंधरा जण उठतात. कानात इअरफोन घालून रस्त्याच्या कडेने चालायचं असेल तर एकाच कानात, आणि वाहतुकीचा रस्ता असेल तर तोही नको.

निघण्याआधी तीन दिवस चालून बघा

पंधरा-वीस किलोमीटरच्या तीन चाली, पूर्ण सामानासह. पहिल्या दिवशी फोन नेहमीसारखा वापरा आणि निघताना, दुपारी, परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहा. दुसऱ्या दिवशी वरची सेटिंग, एअरप्लेन मोड, आणि फक्त दोनदा उघडायचा: दुपारच्या विसाव्याला आणि पोचल्यावर. पुन्हा टक्के लिहा. दोन आकड्यांतल्या फरकावरून पॉवर बँक कोणती घ्यायची ते ठरेल.

तिसऱ्या दिवशी थोडीशी अनोळखी वाट निवडा, बरोबर एक माणूस घ्या आणि फोन बंद करून सॅकच्या तळाशी टाका. कागद, घड्याळ आणि विचारत विचारत मुक्काम गाठा. ज्या ज्या वेळी हात फोनकडे गेला, ते कारण तिथल्या तिथे पेन्सिलीने लिहा. घरी आल्यावर त्या यादीतल्या ज्या गोष्टी कागदावर उतरवता येतील त्या उतरवा आणि उरलेल्या डाव्या रकान्यात घाला.